लसीतील पारा : भीती, कायदा आणि इतिहास

गेल्या वर्षी आपल्या पालकसभेत मुलांच्या हजेरीची, फीची आणि निकालाची चर्चा आटोपल्यावर मागच्या रांगेतील एक माता उभी राहिली. कडेवर दोन-अडीच महिन्यांचे मूल होते. तिने विचारले, "सर, माझ्या भावाने मुंबईहून सांगितले की बाळाच्या सुईत पारा असतो. अमेरिकेत त्याच्यावर कायद्याने बंदी आहे म्हणे. मग आमच्या पाड्यावर तीच सुई का देतात? आमची लेकरे काय फुकटची आहेत?" सभेत क्षणभर शांतता पसरली. कोणी हसले, कोणी "बसा, बसा" म्हणाले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आपल्या मुलाच्या शरीरात काय जाते हे विचारण्याचा हक्क प्रत्येक आईला आहे. तिला त्या दिवशी पुरेसे उत्तर देता आले नाही, ही माझ्या मनाला लागलेली टोचणी आहे. या लेखाच्या निमित्ताने ते उत्तर सविस्तर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथमच सांगितले पाहिजे की त्या मातेने ऐकलेली गोष्ट सर्वस्वी खोटी नव्हती. काही लसींत पाऱ्याचे एक संयुग असते, हे खरे आहे. अमेरिकेतील काही राज्यांनी लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी त्याची मर्यादा कायद्याने ठरवली, हेही खरे आहे. परंतु अर्धे सत्य हे पुष्कळदा पूर्ण असत्यापेक्षा अधिक फसवे असते. उरलेले अर्धे जाणून घेण्यासाठी आपल्याला थोडे मागे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत जावे लागेल.

परळची प्रयोगशाळा

सन १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ सुरू झाली. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले आणि प्लेगवरील लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता तेथील कैद्यांवर तिचा उपयोग करण्यात आला.

लोक मात्र भ्याले होते. घरात शिरून आजारी माणसास बळजबरीने इस्पितळात नेणारे पथक आणि सुई घेऊन येणारा डॉक्टर यांत सामान्य माणसास भेद दिसत नव्हता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. आज आपण त्या विणकरांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नये. त्यांचा राग औषधावर थोडा आणि जुलमावर अधिक होता. ज्याला कोणी समजावून सांगत नाही, त्याला सक्तीच तेवढी दिसते.

याच काळात समजावून सांगण्याचा दुसरा मार्गही मुंबईने पाहिला. खोजा समाजाचे तरुण प्रमुख सर सुलतान महंमद शाह आगाखान, वय अवघे विशीच्या आसपास, यांनी सर्वांसमक्ष हाफकिनची लस टोचून घेतली. त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही हाफकिन यांच्या कामासाठी दिला. त्यांचे पाहून समाजातील हजारो स्त्रीपुरुषांनी लस घेतली. पुढे १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

एक बाटली, एकोणीस मृत्यू

आता मूळ मुद्द्यापाशी येऊ. लस तयार करणे हे अर्धे काम आहे. ती माणसाच्या अंगात जाईपर्यंत स्वच्छ राखणे हे दुसरे अर्धे. परळच्या प्रयोगशाळेतून लसीच्या बाटल्या हिंदुस्थानभर जात. एका बाटलीतून अनेकांना टोचले जाई. आरंभी या लसीत कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक घालीत. पुढे मागणी फार वाढल्यावर प्रयोगशाळेने ते वगळले आणि उष्णतेने निर्जंतुक करण्याच्या रीतीवर भर दिला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ज्या १९ जणांना एकाच बाटलीतून लस मिळाली, ते सर्व धनुर्वाताने मरण पावले. बाकीच्यांना काही झाले नाही. सरकारी चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले. त्यांनी वर्षानुवर्षे आपली बाजू मांडली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुराव्यात होतीच. अखेर सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परंतु गेलेले १९ जीव परत आले नाहीत.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियातील बुंडाबर्ग गावची. जानेवारी १९२८ मध्ये तेथे घटसर्पाच्या लसीची अनेक मात्रांची एक बाटली काही दिवस पुन्हा पुन्हा वापरण्यात आली. तिच्यात जंतू रोखणारे कोणतेही द्रव्य नव्हते. त्या बाटलीतून २१ मुलांना टोचण्यात आले आणि त्यांतील १२ दगावली. चार्ल्स केलवे यांच्या चौकशी मंडळाने सांगितले की, अनेकांसाठी वापरावयाच्या बाटलीत जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य असलेच पाहिजे.

मुलकोवाल आणि बुंडाबर्ग या दोन गावांची नावे आज फारशी कोणाला माहीत नाहीत. परंतु आपल्या मुलांच्या लसीत संरक्षक द्रव्य का घालतात, याचे उत्तर या दोन गावांतील कबरींत व चितांत आहे.

पारा कोठून आला ?

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ मॉरिस खराश यांनी थायोमर्सल हे संयुग तयार केले. तेथील एली लिली कंपनीने ते 'मर्थिओलेट' या नावाने बाजारात आणले. त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग पाऱ्याचा असतो. अत्यल्प प्रमाणातही ते जंतूंची वाढ रोखते, आणि लसीचा गुण मारीत नाही. कार्बोलिक ॲसिडपेक्षा हे सोयीचे ठरले आणि १९३० नंतर जगभर वापरात आले.

त्या काळी पाऱ्याची औषधे घरोघर होती. माझ्या पिढीतील कोणाच्याही गुडघ्यावर खरचटले की आई जे 'लाल औषध' लावीत असे, तेही पाऱ्याचेच संयुग होते.

पारा विषारी आहे, यात शंका नाही. परंतु कोणता पारा, किती आणि कोणत्या वाटेने, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांनी येथे एक नाव लक्षात ठेवावे. सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी इराणातील रय या शहरी अबू बक्र अल-राझी हे थोर हकीम होऊन गेले. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत हे त्यांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट केले. त्यांनी एका माकडाला पारा पाजून परिणाम पाहिल्याची नोंद आहे. साधा पारा पोटात गेल्यास फारसा अपाय करीत नाही, परंतु त्याच पाऱ्यापासून बनवलेले क्षार अतिशय जहाल असतात, असे त्यांचे निरीक्षण होते. नाव एक असले तरी रूप बदलले की गुण बदलतो, ही गोष्ट त्यांनी अनुभवाने ओळखली होती.

आजचे शास्त्रही हेच सांगते. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे सांडपाणी समुद्रात जात असे. तेथील मासे खाऊन लोक पंगू झाले. हा रोग १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदवला गेला. इराकमध्ये १९७१-७२ च्या सुमारास पेरणीसाठी पारायुक्त औषध लावलेले धान्य भुकेल्या लोकांनी दळून खाल्ले आणि शेकडो माणसे मेली. या दोन्ही ठिकाणचा पारा 'मिथिल' प्रकारचा होता. तो शरीरात साठतो. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे दीड महिना लागतो. थायोमर्सलमधून निघणारा पारा 'इथिल' प्रकारचा. तान्ह्या मुलांची तपासणी करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो साधारण आठवड्याभरात निम्मा होतो व विष्ठेवाटे बाहेर पडतो, असे आढळले. नावात एका अक्षराचा फरक, परंतु शरीरातील वागणुकीत मोठा.

अमेरिकेतील कायदा

मग अमेरिकेने मर्यादा का घातली ? १९९७ च्या एका कायद्याने तेथील औषध प्रशासनावर अन्न व औषधांतील पाऱ्याची मोजदाद करण्याची जबाबदारी टाकली. हिशेब केल्यावर दिसले की, मुलांच्या लसींची संख्या वाढल्याने पहिल्या सहा महिन्यांत एखाद्या बालकास सर्व लसी मिळून जास्तीत जास्त १८७.५ मायक्रोग्रॅम पारा मिळू शकतो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इथिल पाऱ्याची सुरक्षित मर्यादा कोणी ठरवलेली नव्हती, म्हणून मिथिल पाऱ्याची मर्यादा लावून पाहिली, आणि एका मापदंडाने बेरीज अधिक भरली. अपाय झाल्याचा पुरावा नव्हता. तरीही खबरदारी म्हणून ७ जुलै १९९९ रोजी तेथील आरोग्य खाते आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना यांनी संयुक्त पत्रक काढून कंपन्यांना थायोमर्सल काढण्यास सांगितले. २००१ पर्यंत फ्लूच्या काही लसी सोडल्यास तेथील बालकांच्या नेहमीच्या लसींतून ते जवळजवळ नाहीसे झाले.

हेतू चांगला होता, पण घाईची किंमतही मोजावी लागली. जन्मतः द्यावयाची काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची लस अनेक इस्पितळांनी सरसकट थांबवली. मिशिगन राज्यात रोगग्रस्त मातेच्या पोटी जन्मलेले एक बालक ती लस न मिळाल्याने तीन महिन्यांच्या वयात त्याच रोगाने गेले. पाऱ्याच्या काल्पनिक भीतीचा हा खराखुरा बळी.

यानंतर राज्यांचे कायदे आले. २००४ मध्ये प्रथम आयोवा राज्याने कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने केलेला कायदा १ जुलै २००६ पासून अमलात आला. तीन वर्षांखालील मूल किंवा गर्भवती स्त्री यांना द्यावयाच्या अर्ध्या मिलिलिटरच्या मात्रेत ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पारा असू नये, आणि फ्लूच्या लसीत तो १ मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, असे त्यात ठरले. न्यूयॉर्क, इलिनॉय, मिसुरी, वॉशिंग्टन या राज्यांनीही तसेच कायदे केले.

परंतु याच कायद्यात एक खिडकी ठेवलेली होती. साथ किंवा लसीची टंचाई असल्यास सूट देता येईल. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा कॅलिफोर्नियाने ही सूट दिली आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुलांना थायोमर्सल असलेली लस घेण्यास मोकळीक झाली. कायदा करणाऱ्यांच्याच मते रोगाचा धोका त्या पाऱ्यापेक्षा मोठा होता, हे यावरून दिसते. जून २०२५ मध्ये तेथील सल्लागार समितीने फ्लूच्या लसींतूनही थायोमर्सल वगळण्याची शिफारस केली व ती जुलैमध्ये स्वीकारली गेली. तेथील बहुतेक फ्लू लसी त्यापूर्वीच थायोमर्सलमुक्त होत्या.

या पाऱ्यामुळे मुले स्वमग्न, म्हणजे ऑटिझमग्रस्त होतात, अशी शंका घेतली गेली. तिची तपासणी झाली. डेन्मार्कने १९९२ मध्येच थायोमर्सल बंद केले होते. ते कारण असते, तर रोगाचे प्रमाण पुढे घटावयास हवे होते. ते घटले नाही, उलट नोंदी वाढत गेल्या. २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संस्थेनेही उपलब्ध पुरावा असा संबंध नाकारतो, असा निर्णय दिला. जागतिक आरोग्य संघटनेचे मतही तेच आहे. पाऱ्यावर बंदी आणण्यासाठी २०१३ मध्ये जो मिनामाता करार झाला, त्याने थर्मामीटर, सेल, दिवे अशा कितीतरी वस्तूंवर निर्बंध घातले, पण थायोमर्सल असलेल्या लसी जाणूनबुजून वगळल्या. भारताने २०१८ मध्ये हा करार मान्य केला.

आपल्या पाड्यावरची बाटली

आता त्या मातेच्या खऱ्या प्रश्नाकडे वळू : "आमची लेकरे काय फुकटची आहेत ?"

आपल्या सरकारी कार्यक्रमात बाळाला सहा, दहा व चौदा आठवड्यांचे असताना पेंटाव्हॅलंट लस देतात. ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब या पाचांपासून रक्षण करते. तिच्या एका बाटलीत दहा मुलांच्या मात्रा असतात. थायोमर्सलचे प्रमाण ०.००५ टक्के. म्हणजे एका मात्रेत सुमारे १२ मायक्रोग्रॅम पारा येतो. कॅलिफोर्नियाच्या मर्यादेत ही लस बसणार नाही. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. लपवली की अफवेला पाय फुटतात.

मग श्रीमंतांना एक आणि गरिबांना दुसरे, असा हा भेद आहे काय ? एका अर्थाने आहे. श्रीमंत देशांत प्रत्येक मुलासाठी वेगळी एकमात्रा बाटली वापरतात. ती एकदाच उघडते, म्हणून तिला संरक्षक द्रव्य लागत नाही. तशा बाटल्या महाग पडतात, शीतपेट्यांत कितीतरी अधिक जागा अडवतात आणि कचराही वाढवतात. हा फरक पैशाचा व सोयीचा आहे. परंतु त्यावरून आपल्या मुलांना विष दिले जाते असे म्हणणे चूक आहे, कारण त्या प्रमाणात अपाय होतो असा पुरावा इतक्या वर्षांत सापडलेला नाही.

हरसूलच्या परिसराचा विचार करा. घाटमाथ्यावरचे पाडे विखुरलेले. पावसाळ्यात ओहोळ भरले की रस्ता बंद. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. परिचारिका ताई बर्फाच्या पिशव्या ठेवलेली पेटी खांद्याला लावून पाड्यावर जाते. तेथे एके दिवशी चारच बाळे येतात. बाटलीत संरक्षक द्रव्य असल्यामुळे उरलेल्या सहा मात्रा फेकाव्या लागत नाहीत. थंडीत नीट ठेवल्यास आणि बाकीच्या अटी पाळल्यास ती बाटली २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रात वापरता येते. तेच द्रव्य नसते, तर एक तर लस वाया गेली असती, नाही तर मुलकोवाल आणि बुंडाबर्ग पुन्हा घडण्याची भीती राहिली असती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्व लसींत पारा नसतो. तोंडाने पाजावयाचा पोलिओचा डोस, बीसीजी आणि गोवर-रुबेला या जिवंत जंतूंच्या लसी आहेत. त्यांत थायोमर्सल नाही. म्हणूनच बीसीजी व गोवराची बाटली कालवल्यापासून चार तासांनंतर फेकून देतात. असे असता २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव येथे गोवराची साथ आली, आणि मुंबईत बालके दगावली. कित्येक मुलांना लस मिळालेलीच नव्हती. स्थलांतर, गैरसोय, कागदपत्रे अशी कारणे अनेक होती, पण अफवा हेही एक होते. ज्या लसीत पारा नाही, तीच पाऱ्याच्या व तत्सम धास्तीने राहून जावी, यापरते दुर्दैव ते कोणते ?

गर्भवती भगिनींना दिल्या जाणाऱ्या धनुर्वात-घटसर्पाच्या 'टीडी' लसीत थायोमर्सल असते. परंतु पूर्वी नाळेवाटे जंतू शिरून सात-आठ दिवसांची बाळे धनुर्वाताने जात, हे आपल्या आजींना विचारावे. स्वच्छ बाळंतपण आणि ही लस यांच्या बळावर भारताने २०१५ मध्ये माता व नवजात बालकांचा धनुर्वात निर्मूलनाच्या पातळीवर आणला. ज्या रोगाने मुलकोवालची १९ माणसे नेली, तोच हा रोग.

पाऱ्याची भीती बाळगायचीच, तर ती घरातल्या आरशासमोर बाळगावी. रंग उजळवणाऱ्या, बिननावाच्या, बाहेरून आलेल्या काही क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेपेक्षा हजारोपटीने आढळले आहे, आणि त्याने मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे महाराष्ट्र व केरळात नोंदवली गेली आहेत. मुलीच्या लग्नाआधी अशी डबी हौसेने आणणाऱ्या आणि बाळाची सुई पाऱ्याच्या भीतीने टाळणाऱ्या घराने आपली भीती चुकीच्या ठिकाणी ठेवली आहे.

पालकांनी काय करावे ?

प्रश्न विचारणे बंद करू नये. परिचारिका ताईंना बाटली दाखवण्यास सांगावे. तिच्यावर मुदतीची तारीख असते, आणि उघडल्याचा दिवस व वेळ लिहिलेली असावी लागते. बाटलीवरील वर्तुळात एक चौकोन असतो. तो चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेपर्यंतच लस वापरता येते. तो तितकाच किंवा अधिक गडद झाला असेल, तर ती बाटली नको म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. प्रत्येक मुलासाठी नवी सुई फोडली जाते की नाही, तेही पाहावे. बाळाला लस दिल्यावर अर्धा तास तेथेच बसावे. लसीकरणाचे कार्ड शाळेच्या दाखल्याइतके जपून ठेवावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. घरातील मोठ्या माणसांच्या हातातील मोबाइलवर जेव्हा एखादी भीतिदायक बातमी येते, तेव्हा ती तुम्हालाच वाचून दाखवावयास सांगतात. त्या वेळी तीन प्रश्न विचारा : कोणता पदार्थ ? किती प्रमाणात ? आणि न घेतल्यास काय होईल ? अल-राझींनी हजार वर्षांपूर्वी यातील पहिला प्रश्न विचारला होता. आगाखानांनी मुंबईत तिसऱ्याचे उत्तर आपल्या दंडावर दिले. मदनपुऱ्याच्या विणकरांना मात्र समजावून सांगणारे कोणी भेटले नाही. आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडणारी मुलेमुली ती उणीव भरून काढतील, तर या संस्थेच्या वर्षानुवर्षांच्या खटाटोपाचे सार्थक झाले असे मी समजेन.

त्या मातेला या लेखाची प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे. तिचा दुसरा डोस त्या वेळी लांबला होता, पण पुढे तिने तो दिला, आणि तिसराही. कार्डावरच्या तिन्ही खुणा तिने मला दाखवल्या. मी तिला एवढेच म्हणालो, "बेटी, तू प्रश्न विचारलास हे बरे केलेस."